घर फिरलं

अडीच मीटर रुंद, सहा मीटर लांब:
फेरीबोटीत मावणाऱ्या ट्रकच्या मापाचं घर.
भिंतींच्या पोकळीत मेंढीची लोकर,
पाया नाहीच, नऊ मळसूत्री खुंट फक्त,
आणि सगळे सांधे बोल्टचे.
उद्या हलवायचं झालं तर चार माणसं, दोन दिवस,
जमिनीला कळणारही नाही.
माहितीपत्रकातलं हे वाक्य माझं.
सान्तियागोत बसून लिहिलं,
तेव्हा पाय कोरडे होते.

चिलोए बेटाच्या पश्चिम अंगाला दलदल आहे.
तिच्यावर लालसर शेवाळ, गादीसारखं;
पाऊल उचललं की ठशात हळूच पाणी चढतं
आणि ठसा मिटतो.
आम्ही मोजणी केली फेब्रुवारीत, उन्हाळ्यात.
एउदोसियो नाउएलकिन कुंपणावर रेलून बघत होता.
"तिसरी केबिन इथे?" एवढंच म्हणाला.
मी नकाशा दाखवला.
त्याने तो नीट धरला, सरळ बाजूने,
आणि परत दिला.

जुलैत रोसाल्बाने तिसऱ्या केबिनच्या जमिनीवर
एक अंडं ठेवलं.
ते थांबलं नाही. कोपऱ्यापर्यंत घरंगळत गेलं,
भिंतीला टेकून तिथेच हलत राहिलं.
दार तर आठवडाभर मिटत नव्हतंच.

कास्त्रोहून क्रेन आली.
पुढची चाकं दलदलीच्या काठाला लागली,
चालकाने खाली उतरून एक सिगरेट ओढली
आणि जाण्यायेण्याचे पैसे घेऊन परतला.
माझी चार माणसं पाने घेऊन बसली.
ओलीने लाकूड फुगलेलं,
बोल्ट गिळून बसलेलं.
दोन दिवसांत तीन निघाले. चौथा मोडला.

"सोडवायचं कशाला?" एउदोसियो म्हणाला,
"अख्खं नेऊ."
त्याच्या आत्याचं घर भरतीवर तरंगत
समोरच्या बेटावरून आलं होतं म्हणे,
भांडी फडताळात तशीच.
भिंतीवरचं घड्याळ वाटेत दहा मिनिटं मागे पडलं,
बाकी काही नाही.

रविवारी धुक्यातून बैल आले,
सात जोड्या, शिंगांना चामडी पट्टे, नाकपुड्यांतून वाफ.
दोन लांब ओंडके घराखाली सरकवले, साखळ्या ताणल्या.
चाळीस माणसं; निम्म्यांची नावं मला ठाऊक नव्हती.
कुणी मजुरी विचारली नाही.
रोसाल्बाने मात्र आदल्या रात्रीच बजावलं होतं:
जेवण तुझ्याकडे.
बटाट्याची दोन पोती, एक डुक्कर,
सफरचंदाच्या चिचाचे चार बुधले.
माझ्या अंदाजपत्रकात यासाठी रकाना नव्हता.
"किरकोळ"मध्ये डुक्कर टाकलं.

मग कुणीतरी ओरडलं
आणि घर फिरलं.
वासेही फिरले,
घराबरोबर, निमूट, आपापल्या खाचेत बसून,
एकानेही कुरकुर केली नाही.
आयुष्यात पहिल्यांदा
माझं काम मला मागून दिसलं:
चढावर डुलत चाललेलं,
विंचवाचं बिऱ्हाड, पण पाठ चौदा बैलांची.

वर, तेपूच्या झुडपांपाशी, जमीन घट्ट आहे.
रोसाल्बाने पुन्हा अंडं ठेवलं.
थोडं डगमगलं, थांबलं.
मग तिने ते तळून एउदोसियोला वाढलं.

आता प्रत्येक आराखड्यात
केबिनच्या तळाशी मी दोन ओंडके काढते.
इंजिनिअर विचारतो, हे कशासाठी, ओढ किती धरू?
मी लिहून पाठवते: बैल, चौदा.
तो दरवेळी फोन करतो.

जुन्या जागी नऊ भोकं उरली.
वसंतापर्यंत शेवाळाने चार बुजवली.
गेल्या खेपेला उरलेली शोधत फिरले:
एक, दोन, तिसरं थोडं कोपऱ्यात,
चौथ्यापाशी वाकले.
पाचवं पायाने चाचपताना
बूट आत गेला, आणि सुटला नाही.
एउदोसियो कुंपणावरच होता.
मी एका मोज्यावर परत आले.